जपानी नातवंडं नागपूरला येणार असतील तर

अमेरिकेतून येणाऱ्या नातवंडांना कसं सांभाळायचं, हे सांगणारे आमच्या उत्तर नागपुरात गल्लीगल्लीत भेटतील. जपानबद्दल मात्र कोणालाच काही माहीत नसतं. माझा मुलगा सुमेध कोबेला असतो. सून मिहो तिथलीच. नात माया दुसरीत आहे, नातू रेन बालवाडीत. अजून दोन घरांतल्या पोरांची लग्नं तिकडे ठरून राहिली आहेत आणि त्या दोन्ही आया मला रोज फोन करतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. मी पोस्टातून निवृत्त झाले, त्यामुळे सुरुवात तारखा आणि कागदांपासून करीन. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ स्वयंपाकापर्यंत उडी मारावी.

बोलवायचं कधी

"मे महिन्यात या, आंबे खायला" हे तोंडातून काढूच नका. जपानात शाळा एप्रिलमध्ये सुरू होते, मे महिन्यात वर्ग भरात असतात. शिवाय आपला पारा पंचेचाळिशीच्या पार गेलेला असतो. त्यांची मोठी सुट्टी साधारण 20 जुलैपासून ऑगस्ट संपेपर्यंत. हिवाळ्यात नाताळापासून 7 जानेवारीच्या आसपासपर्यंत, ती आखूड. थंडीतलं नागपूर सुंदर असतं यात वाद नाही, पण जपान्यांचं नवं वर्ष 1 जानेवारीला असतं आणि ते आपल्या दिवाळीइतकं घरचं असतं. त्या दिवशी मिहोच्या आईचं घर रिकामं ठेवायला मला बरं वाटत नाही. म्हणून आमच्याकडे ऑगस्ट.

ऑगस्टमध्ये पाऊस, डास आणि लाईट जाणं, तिन्ही गोष्टी असतात. इन्व्हर्टरची बॅटरी जुलैतच तपासून घ्या. मच्छरदाणी मुलांना आवडते, तंबूसारखी वाटते म्हणे.

एक गोष्ट आजी-आजोबांना कोणी सांगत नाही. या पोरांना सुट्टीचा अभ्यास असतो, आणि तो खरंच करायचा असतो. त्यात स्वतः विषय निवडून शोध घ्यायचा एक प्रकल्प असतो. आपण म्हणतो, "राहू दे बाई, सुट्टीत कशाला?" आणि सप्टेंबरात ते पोर वर्गात रिकाम्या हाताने उभं राहतं. त्यापेक्षा प्रकल्प इथेच करून घ्या. मायाने दीक्षाभूमीचा स्तूप घेतला होता. घुमट आतून पोकळ कसा, सांचीचा स्तूप भरीव आणि हा आत उभं राहता येईल असा का, बोधिवृक्षाची रोपं श्रीलंकेतल्या अनुराधपूरहून कोणी आणली (भदन्त आनंद कौसल्यायन यांनी), हे सगळं तिने चित्रं काढून लिहिलं. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिची शाळा असते, लाखोंच्या गर्दीतली दीक्षाभूमी तिला दिसत नाही. ऑगस्टमधली रिकामी दिसते, आणि मोजमाप घ्यायला तीच बरी.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण घरातली निम्मी भांडणं इथूनच निघतात.

आई जपानी असेल तर मूल जन्मतःच जपानी नागरिक होतं. 1985 च्या आधी हे फक्त वडिलांकडून मिळायचं, आता दोघांपैकी कोणाकडूनही मिळतं. भारताचं नागरिकत्वही वडिलांकडून मिळू शकतं, पण बाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, आणि त्या वेळी त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवायची सोय आपल्या 1955 च्या कायद्यात नाही. जपानही दोन नागरिकत्वं असलेल्या मुलाला विसाव्या वर्षापर्यंत एक निवडायला सांगतो. आधी ही मर्यादा बाविसाव्या वर्षाची होती, 2022 पासून वीस झाली.

म्हणून बहुतेक घरं करतात तेच सुमेधने केलं. मुलांचे पासपोर्ट जपानचे, आणि भारतासाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. त्यावर जन्मभर कितीही वेळा येता येतं, पोलिसांकडे नोंद करावी लागत नाही. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. लहान मुलांचा जपानी पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. नवा निघाला की तो आणि ताजा फोटो तीन महिन्यांच्या आत ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा. विसाव्या वर्षापर्यंत कार्ड बदलावं लागत नाही. सुनेला स्वतःचं ओसीआय हवं असेल तर लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं झालेली असावी लागतात. कोबेवाल्यांना हे काम ओसाकाच्या भारतीय वकिलातीत पडतं. तिकिटं काढताना हेही बघा की पासपोर्टवरचे शिक्के बहुतेक दिल्ली-मुंबईत बसतात, नागपूर-जपान थेट विमान नाही. मुलं सोबत असतील तर मधला थांबा निदान चार तासांचा ठेवा.

आता आडनाव. जपानात प्रत्येक कुटुंबाचं एक नोंदणीपत्र असतं, कोसेकी. त्यात फक्त जपानी नागरिकच येतात. आमचा सुमेध त्यात माणूस म्हणून नाहीच, मिहोच्या नावापुढे "या या माणसाशी लग्न केलं" अशी नोंद आहे, तेवढाच. मुलं आईच्या कोसेकीत जातात आणि तिचंच आडनाव लावतात. त्यामुळे माझी नात माया मेश्राम नाही, माया तानाका आहे. मधे वडिलांचं नाव लावायला तिथे रकानाच नाही. आमच्याकडचे मोठे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, बाळाच्या बारशालाच तापले होते, "मेश्रामांची पोरगी तानाका काहून?" लग्नानंतर सहा महिन्यांत मिहोने अर्ज दिला असता तर तिला सोप्या रीतीने नवऱ्याचं आडनाव घेता आलं असतं. तिने नाही दिला. सुमेधलाही नको होतं. मी भासऱ्यांना म्हटलं, आपल्या घरात लग्न करून येणाऱ्या पोरीचं आडनाव पुसतं तेव्हा कोणी बारशाला विचारत नाही.

नाव ठेवताना मात्र आजीने तोंड उघडायला हरकत नाही. जपानी लिपीत ळ, ण, ठ, ढ काही नाही, ल आणि र एकच, आणि व चा बहुतेक ब होतो. शेजारच्या वैशालीताईंना नातवाचं नाव आरव ठेवायचं होतं. जपानी तोंडात ते "अराबु" होतं आणि पोरगं जन्मभर अरब होऊन बसतं. उलट्या बाजूनेही बघा, हारू हे तिकडे गोड नाव आहे, इथल्या क्रिकेटच्या संघात ते चालायचं नाही. दोन्हीकडे सरळ जाणारी नावं आहेत: मीना, रीना, सारा, माया, केन, रेन. मायाचं नाव मिहोनेच सुचवलं. कोबेच्या मागे माया नावाचा डोंगर आहे, त्यावरच्या देवळात बुद्धांची आई महामाया आहे. यावर आमच्याकडे कोण काय बोलणार?

पहिले दोन दिवस

गालगुच्चे बंद. फोटो काढायचा तर विचारून, आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर मुळीच नाही. तिकडे मुलांचे फोटो असे फिरवत नाहीत, मिहो तोंडाने काही म्हणणार नाही पण तिचं जेवण उडतं. स्वागताला वीस माणसं बोलावू नका. मुलं साडेतीन तास पुढच्या घड्याळावर असतात, संध्याकाळी सहालाच पेंगतात आणि पहाटे तीनला खेळायला तयार होतात. तेव्हा घरातलं एक माणूस पहाटेच्या ड्युटीला लावा. आमच्याकडे ते आजोबा आहेत.

आंघोळ ते लोक रात्री करतात, निजण्याआधी, कढत पाण्याने. सकाळी सात वाजता "आधी आंघोळ" म्हणून मागे लागण्यात अर्थ नाही. गिझर रात्री लावा. बादली, तांब्या आणि बसायला पाट दिलात तर मुलांना काही समजावावं लागत नाही, टबात उतरण्याआधी तिकडेही असंच बसून अंग धुतात. चपला दाराबाहेर, हेही सारखंच. फक्त संडासाच्या चपला वेगळ्या ठेवा आणि त्या घालून कोणी घरात फिरू नका, यावर रेन मोठ्या माणसांनाही ओरडतो.

सकाळी साडेसहाला जपानच्या रेडिओवर व्यायाम लागतो. 1928 पासून चालू आहे, आणि सुट्टीत पोरं मैदानावर जाऊन तो करतात आणि कार्डावर शिक्का घेतात. तिकडचे साडेसहा म्हणजे आपले पहाटेचे तीन, तेव्हा रेकॉर्डिंग लावायचं. आम्ही विहाराच्या अंगणात साडेसहालाच लावतो. आधी माया एकटी करायची, आता फिरायला येणारे म्हातारे मागे उभे राहून हात वर करतात. शिक्का मी मारते. पोस्टातली जुनी सवय.

बोलायचं मराठीतच. इंग्रजीवर जाऊ नका, ती त्यांचीही नाही नि तुमचीही नाही. जपानी शाळेत इंग्रजी तिसरीत तोंडओळखीला येते आणि पाचवीत विषय होते. मराठी त्यांना वाटतं तितकी परकी जात नाही. क्रियापद शेवटी, "घरात", "घराला" सारखे प्रत्यय नावाच्या मागे, हे सगळं जपानीत तसंच आहे. त्यांची अ-इ-उ, क-स-त-न-ह-म ही ओळसुद्धा आपल्या वर्णमालेच्याच वळणाची आहे, बौद्ध भिक्खूंबरोबर तिकडे गेलेली. मायाला बाराखडी मी त्याच क्रमाने शिकवली, पटकन आली. ळ येत नाही. न येऊ द्या.

जेवण

त्यांना रोज सुशी लागत नाही, हे आधी डोक्यातून काढा. रोज लागतो भात, आणि तो चिकट लागतो. आपला चिन्नोर किंवा एचएमटी कितीही सुवासिक असला तरी मोकळा होतो, काड्यांनी उचलला जात नाही. इंद्रायणी आणा, नागपुरात मोठ्या किराणा दुकानात मिळतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा, वाटीला सव्वा वाटी पाणी, आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. मीठ-तेल काही घालायचं नाही. याच भाताचे गरम असताना ओल्या, मीठ लावलेल्या हाताने तिकोनी गोळे करतात, ओनिगिरी. आत ते लोक खारवलेलं आंबट फळ भरतात. मी लिंबाचं मुरलेलं लोणचं बोटभर भरते. प्रवासाच्या डब्याला यासारखं दुसरं काही नाही, रामटेकला नेले तर संध्याकाळपर्यंत टिकतात.

दुसरी गोष्ट करी. माझा सावजी रस्सा सोडाच, साधा कोंबडीचा रस्सा पाहूनही माया म्हणाली, "हे करी नाही." तिच्यासाठी करी ही जपानी वस्तू आहे. ती इंग्रजांमार्फत तिकडे गेली, दाट, गोडसर, कणीदार मसाला नसलेली. यावर रागवू नका, ती पोरं शाळेच्या जेवणात तेच खातात. करायला सोपी आहे: तीन कांदे चांगले लाल होईपर्यंत परता, कोंबडीचे तुकडे, बटाटा आणि गाजर मोठे चिरून घाला, पाणी घालून शिजवा. दुसऱ्या कढईत तीन चमचे लोणी आणि तीन चमचे मैदा मंद आंचेवर बिस्किटाच्या रंगावर आणा, त्यात एक मोठा चमचा धने-जिरे-हळद-मेथीची पूड. हे शिजलेल्या रश्शात मिसळा, अर्धं सफरचंद किसून टाका, दहा मिनिटं ढवळा. तिखट नाही. भिवापुरी मिरची डब्यातच राहू द्या.

टोकियोत शिंजुकुला नाकामुराया नावाचं दुकान आहे. तिथे 1927 पासून भारतीय पद्धतीची करी मिळते. ती शिकवली रासबिहारी बोस यांनी. इंग्रज मागे लागले म्हणून ते जपानला पळाले, या दुकानाच्या मालकांनी त्यांना लपवलं, मालकांची मुलगी तोशिको हिच्याशी त्यांचं लग्न झालं आणि 1923 मध्ये ते जपानी नागरिक झाले. सुमेधने हे सांगितल्यापासून आमच्याकडे दोन्ही करी होतात, एका पातेल्यात तानाका, एका पातेल्यात मेश्राम. रेन दोन्हीतले बटाटे खातो.

नातेवाईक विचारतील ते

"तू जपानी का भारतीय?" हा प्रश्न मुलांना घरात कोणी विचारायचा नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा, मोठ्या भासऱ्यांना वेगळं सांगा. कागदावर आईबापांनी एकदा निवड करून टाकली आहे, पोराने रोज जेवणाआधी पुन्हा कशाला करायची? तिकडे शाळेत अशा मुलांना हाफ म्हणतात. इकडे गल्लीतली पोट्टी चायनीज म्हणतात. दोन्हीकडून तेच ऐकून आलेल्या पोराला आजीच्या घरी तरी तो प्रश्न नको.

चायनीजवर माझा उपाय असा. पहिल्याच संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं घरात बोलवायची, ओनिगिरी खायला द्यायचे, नाव सांगायचं, आणि मायाच्या हातात बॅट द्यायची. मोठ्या माणसाने म्हटलं तर मात्र तिथल्या तिथे टोकायचं, "माया नाव आहे तिचं." हसण्यावारी नेलं की ते चिकटतं.

कोणी फारच खोदून विचारलं तर मी इंदोऱ्याच्या विहाराचं नाव घेते. तिथले भन्ते सुरई ससाई 1935 मध्ये जपानच्या ओकायामा भागात जन्मले, साठच्या दशकात भारतात आले, नागपुरात राहिले, पुढे भारताचे नागरिक झाले. बोधगयेच्या महाबोधी विहारासाठी आंदोलनात उभे राहिले, राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगावर बौद्धांचे सदस्य होते. जपानच्या कायद्याप्रमाणे आपणहून दुसरं नागरिकत्व घेतलं की जपानचं जातं. उत्तर नागपुरात कोणी त्यांना विचारतं का, भन्ते, तुम्ही नेमके कुठले? मग सात वर्षांच्या पोरीला काहून विचारता?

विहार, बोन आणि बैल

इथे सावकाश वाचा, कारण बौद्ध घरातच जास्त गोंधळ होतो. आपल्याला वाटतं सून बौद्ध, आपण बौद्ध, प्रश्नच नाही. मग सून नव्या वर्षाला शिंतो (जपानचा स्वतःचा जुना धर्म) देवळात घंटा वाजवून येते, त्यांच्या बौद्ध मंदिरात सरस्वतीची मूर्ती निघते, त्यांचे भिक्खू लग्न करतात, आणि आपली मंडळी म्हणतात, "हा कसला बौद्ध धम्म बाप्पा!"

भिक्खूंचं उत्तर सोपं आहे. 1872 मध्ये मेजी सरकारने हुकूम काढला की भिक्खूंनी लग्न करावं की नाही, मांस खावं की नाही, यात सरकार पडणार नाही. तेव्हापासून बहुतेक मंदिरं बापाकडून लेकाकडे जातात. बाकीचं समजायला एक फरक ध्यानात घ्या. माझे वडील 14 ऑक्टोबर 1956 ला त्या मैदानावर होते. त्यांनी ठरवलं आणि ते बौद्ध झाले, बावीस प्रतिज्ञा तोंडाने म्हणाले. मिहोचं घर बौद्ध आहे कारण सतराव्या शतकात तिथल्या सरकारने प्रत्येक घराला एका मंदिराच्या वहीत नोंदवायला लावलं, आणि ते नातं चालत आलं. तिने कधी ठरवलं नाही, तिला कोणी विचारलंही नाही. आपल्या मापाने तिची परीक्षा घेऊ नका. आणि तिच्या घरातली रीत आपल्या घरात आणायची जबरदस्तीही कोणी करत नाही.

अडचण येते बोनला. 13 ते 16 ऑगस्ट, म्हणजे नेमकी मुलं इथे असताना. घरातले गेलेले लोक या दिवसांत परत येतात असं ते मानतात. काकडीला काड्यांचे चार पाय लावून घोडा करतात, म्हणजे येणारे लवकर यावेत. वांग्याला पाय लावून बैल करतात, म्हणजे जाताना सावकाश जावेत. आणि आमच्या सहाव्या प्रतिज्ञेत आहे की मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. मिहोने वांगं मागितलं तेव्हा मला तीही आठवली आणि तिचे वारलेले वडीलही.

मी केलं ते असं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोपुढे काही ठेवायचं नाही, ती जागा आमच्या वंदनेची. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिने काकडी आणि वांगं ठेवलं, शेजारी वडिलांचा फोटो, उदबत्ती. मुलं तिच्याबरोबर हात जोडतात. आम्ही दोघं जोडत नाही, आणि तिने कधी म्हटलंही नाही. संध्याकाळी त्रिशरण-पंचशील होतं तेव्हा ती येऊन बसते, तिला पाली पाठ नाही, हात जोडून बसते. आमच्या विहारातल्या एका बाईंनी मला ऐकवलं की हे वांग्याचं चालणार नाही. मी म्हटलं, प्रतिज्ञा मी घेतली आहे, ती मी पाळून राहिली. तिने घेतली नाही. तुमच्या घरी तुम्ही वेगळं ठरवू शकता, पण ठरवा आधी, मुलांसमोर नको.

कधी पोळा ऑगस्टमध्ये येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, नागपूरच्या पोरांचा हक्काचा सण. लाकडी बैल सजवून दारोदार न्यायचा आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घ्यायचा. भाड्याने किंवा उसना बैल मिळतो, नवा घ्यायची गरज नाही. रेनने वांग्याच्या बैलालाही दोरी बांधून रस्त्यावर नेलं. त्याला दोन घरी बोजारा मिळाला.

15 ऑगस्टचं वेगळं सांगते. झेंडावंदनाला मुलांना न्या, जिलेबी द्या. पण त्याच तारखेला जपानात युद्ध संपल्याचा दिवस असतो, दुपारी बाराला देशभर एक मिनिट स्तब्ध उभे राहतात. आपल्या घड्याळात तेव्हा साडेआठ वाजतात. कोबे 1945 मध्ये बॉम्बने जळलं होतं, मिहोच्या आजीचं घर त्यात गेलं. तेव्हा साडेआठला टीव्हीचा आवाज बंद, एक मिनिट. आजोबा पण उभे राहतात. मग पुन्हा लाल किल्ला लावा.

बुद्धांचा जन्मदिन दोनदा येतो याचंही उत्तर तयार ठेवा. जपानने 1873 मध्ये इंग्रजी कॅलेंडर घेतलं आणि तो दिवस 8 एप्रिलला पक्का झाला, बाळबुद्धाच्या मूर्तीवर गोड चहा ओततात. आपली बुद्ध पौर्णिमा चंद्रावर चालते. माया एप्रिलमध्ये तिकडून चहा ओततानाचा व्हिडिओ पाठवते, मी पौर्णिमेला खिरीचा.

न्यायचं कुठे

कामठीचं ड्रॅगन पॅलेस मुलांना आवडतं. जपानच्या ओगावा सोसायटीच्या देणगीतून ते 1999 मध्ये उभं राहिलं, आत चंदनाची बुद्धमूर्ती आहे. जपानी पाहुणा तिथे गेला की सगळे त्याला गाईड समजतात, तेव्हा सुनेला आधी विचारा की तिला ते चालेल का. मनसर रामटेकच्या वाटेवर आहे, तिथल्या उत्खननाशी ससाई भन्तेंचं नाव जोडलेलं आहे. पोरांना विटांचे ढिगारे पाहून दहा मिनिटांत भूक लागते.

माझ्या मते सगळ्यात चांगलं सेवाग्राम, पाऊणशे किलोमीटर. फुजी गुरुजी नावाचे जपानी भिक्खू 1933 मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते. त्यांच्या पंथाचा "नाम म्यो हो रेंगे क्यो" हा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आजही म्हणतात. मराठी बाया तो म्हणताना ऐकून मिहोने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला पोहोचा. वर्ध्याला गीताई मंदिराजवळ त्यांचा विश्वशांती स्तूपही आहे.

परत जाताना

संत्री देऊ नका. ताजी फळं तपासणीच्या दाखल्याशिवाय जपानात उतरू देत नाहीत, मांसाचा कुठलाही पदार्थ तर नाहीच, सुकं असो की डबाबंद. कुरड्या, पापड, सुती परकर-पोलकं, बाराखडीचा तक्ता चालतो. लाकडी बैल उसना होता, तो परत करायचा आहे हे रेनला आदल्या रात्रीच सांगा, विमानतळावर नको.

आणि फोनची वेळ ठरवून घ्या. आपण संध्याकाळी सातला मोकळे होतो तेव्हा तिकडे साडेदहा वाजलेले असतात, पोरं निजलेली. दुपारी तीन ही बरी वेळ, तिकडे साडेसहा, जेवणाआधी. रविवारी सकाळी नऊसुद्धा चालते. आधी मुलांशी बोला, सुमेधशी नंतर. त्याच्याकडे काही सांगण्यासारखं नसतंच.